सुटलेलं घर

अप्पांच्या धाकट्या मुलाला जुळ्या मुली झाल्या, ते वर्ष. या घरात वर्षं अशीच मोजली जात. थोरला गेला ते वर्ष, वरचा मजला चढवला ते वर्ष, आणि आता हे. वरच्या मजल्यावर दोन भोंगे सुरू झाले. एक थांबला की दुसरा. खालून अप्पा म्हणायचे, "एकीने श्वास घ्यायचा तेव्हा दुसरीने रडायचं, असं आतूनच ठरवून आल्यात."

त्याच वर्षी थोरलीने घर सोडायचं ठरवलं.

थोरली म्हणजे अप्पांची मोठी सून, गेलेल्या थोरल्याची बायको. चव्वेचाळीस वर्षांची, अंगाने काटकुळी, बोलायला बेताची. अप्पांना सगळे मंडळवाले अप्पा म्हणत. मोठ्या पूजेच्या आधी जमिनीवर उभ्याआडव्या रेघा मारायच्या, त्यातून पडणारे चौकोन रंगवलेल्या तांदळांनी भरायचे आणि मधोमध देवाची जागा करायची, हा त्यांचा धंदा. मोठं मंडळ अठरा चौकोन उभं आणि अठरा आडवं, म्हणजे तीनशे चोवीस चौकोन, एकेक वीतभर रुंद.

या धंद्यात चौकोनाला घर म्हणतात. घर भरायचं, मोकळं राहिलं तर घर सोडलं म्हणायचं. नवी सून म्हणून आली तेव्हा तिसऱ्याच दिवशी थोरलीने अप्पांना नवऱ्यावर ओरडताना ऐकलं, "घर सोडलंस! पुन्हा घर सोडलंस!" ती घाबरून सासूला म्हणाली होती, "हे याआधीही पळून गेले होते का?" सासू हसता हसता भिंतीला टेकली. पुढे सासू होती तोवर कितीतरी वर्षं आल्यागेल्याला ती गोष्ट सांगितली गेली. थोरली दर वेळी ओठ मिटून चहा आणायला आत जायची.

आता मंडळ भरायची या घराची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कडेच्या तीन रेघा आधी घालायच्या, आतली पांढरी, मधली तांबडी, बाहेरची काळी, बाहेर यायला तेवढी एक फट ठेवून. मग बाहेरून आत फेरी फेरीने भरत जायचं. अशा सात फेऱ्या झाल्या की मधली सोळा घरं उरतात, तिथे बसून कमळ काढायचं. म्हणजे काढणारा आत आणि मंडळ त्याच्याभोवती. म्हणून प्रत्येक फेरीत एक घर मोकळं ठेवायचं, एकासमोर एक. त्या घरांची एका पावलाएवढी ओळ होते, तिला वाट म्हणतात. कमळ झालं की त्या वाटेने उलट्या पावली, मागे सरत, पुढ्यातलं घर भरत बाहेर यायचं. भरलेल्या घरावर पाय पडला की ते मंडळ पूजेतून बाद. मग झाडून टाका आणि पुन्हा मांडा.

पूर्वी अप्पा स्वतः भरायचे. मग त्यांच्या हाताला कंप सुटला. तेव्हापासून थोरला भरायचा आणि अप्पा बाजूला स्टुलावर बसून घरं सांगायचे, "चार तांबडी, दोन पांढरी, वाट, तीन हिरवी." चौदा वर्षांपूर्वी थोरला तापाने गेला. दीड महिन्याने एका पूजेचं बोलावणं आलं तेव्हा अप्पांनी तांदळाच्या पिशव्या थोरलीच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "दार लावून घेऊ. कोणी बघत नाही."

कोणी बघितलंही नाही. मंडळ मांडताना बघू नये, असं अप्पांनीच सांगून ठेवलं होतं. काम झालं की दार उघडायचं, लोक आत येऊन हात जोडायचे आणि म्हणायचे, "अप्पांचा हात म्हणजे हात!" अप्पा आपला हात शालीत लपवून मान हलवायचे. थोरली मागे रिकाम्या वाट्या गोळा करत असायची.

कुठलं घर कुठल्या रंगाचं, हे अप्पांनी तिला कधी शिकवलं नाही. कागदावर उतरवू दिलं नाही. शिवाय दर वेळी वेगळ्या कोपऱ्यातून सांगायला सुरुवात करायचे, म्हणजे तिच्या ध्यानात राहायला नको. "तू हात आहेस, मी डोकं," म्हणायचे. चौदा वर्षांत तिच्या हाताला अशी सवय लागली की अप्पांच्या तोंडून शब्द सुटला की तिच्या चिमटीतून तांदूळ सुटायचा. मध्ये विचार करायला जागाच नव्हती.

थोरलीची मुलगी आता बावीस वर्षांची. दुसऱ्या गावी दवाखान्यात नोकरी करायची, खोली घेऊन राहायची. तिने पाच वर्षं आईच्या मागे धोशा लावला होता, माझ्याकडे ये. दर वेळी थोरली अप्पांना विचारायची आणि दर वेळी ते म्हणायचे, "जा की. कोण नाही म्हणतंय? एवढं एक मंडळ होऊ दे." ते झालं की त्याच्या मागे दुसरं उभं असायचं. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

या वर्षी मुलीने नुसतं बोलावलं नाही, कामही बघून ठेवलं. तिच्या खोलीखालीच एका बाईंचं शिवणकाम चालायचं. त्यांना कापड कापणारी हवी होती, रेघेवर नजर असलेली. थोरलीने चार कपडे कापून पाठवले होते आणि बाईंना ते पसंत पडले होते. एकच अट घातली त्यांनी. मंगळवारी संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत हजर व्हायचं, नाहीतर बुधवारी दुसरी येईल.

मंगळवारी नेमकं एका सभागृहात मोठं मंडळ होतं. थोरलीने आठवडाभर आधी अप्पांना सांगितलं, "हे शेवटचं. अडीचला काम संपेल, चारच्या गाडीने मी जाणार. तुमचं खाणंपिणं वर धाकटी बघेल, तिच्याशी बोललेय मी."

"बरं," अप्पा म्हणाले. एवढंच.

सभागृह लांबुळकं होतं. खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावलेल्या, मंचावर गोल घड्याळ, त्याचा सेकंदकाटा दर ठोक्याला थरथरायचा. तिथली साफसफाई करणारी मावशी फरशी पुसून गेली होती. दाराशी थोरलीने आपली पिशवी ठेवली. कपडे, चष्मा आणि कापायची मोठी कात्री, फडक्यात गुंडाळलेली. अप्पांनी पिशवीकडे बघितलं आणि स्टूल ओढून बसले.

नऊला सुरुवात झाली. रेघा पडल्या. पहिली फेरी भरून झाली, वाट अप्पांच्या स्टुलासमोर आली. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, निघालीस का?"

"अगं, आत्ता तर पहिली फेरी झाली."

"चारची चुकवू नकोस हं. बाई थांबणार नाहीत. आणि ऐक, खोलीत दुसरी खाट आणलीय. जिन्यात अडकली होती. मी खाली, खाट मध्ये, आणि वरचे आजोबा वर. त्यांना खाली यायला अर्धा तास लागला. मला म्हणतात, पोरी, मी हिच्यावरच झोपतो आता."

थोरली हसली. चांगली खळखळून हसली, अगदी घशातून. मग फोन ठेवून पुन्हा वाकली. "सांगा, अप्पा."

अप्पांनी दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे पुन्हा एकदा बघितलं. मग त्यांनी दुसरी फेरी सांगायला घेतली. "उजवीकडून घे. दोन हिरवी, तीन तांबडी…"

तिने घेतली. चिमटीतून तांदूळ सुटत राहिला. दर फेरीत अप्पा "वाट" म्हणाले की ती घर मोकळं सोडायची. डोळ्यांपुढे जिन्यात अडकलेली खाट होती, बाईंचं दुकान होतं, कापायच्या टेबलाची उंची किती असेल हे होतं. सात फेऱ्या झाल्या. ती मधल्या सोळा घरांत बसली, कमळाच्या आठ पाकळ्या काढल्या, पाय ठेवण्यापुरती दोन घरं राखली आणि कंबर धरून उभी राहिली. घड्याळात दोन पंचवीस झाले होते.

"झालं," ती म्हणाली आणि वाटेकडे वळली.

वाट नव्हती.

स्टुलासमोर पहिल्या फेरीतलं एक घर मोकळं होतं. दुसऱ्या फेरीतलं मोकळं घर पार डाव्या हाताला, तिसऱ्यातलं पाठीमागे, चौथ्यातलं कोपऱ्याजवळ. सातही घरं मोकळी होती, पण सात दिशांना. तोंडातले दात पडावेत तशी. तिच्या चारही बाजूंना भरलेले तांदूळ होते आणि मध्ये ती दोन पावलांच्या जागेवर उभी होती.

"अप्पा, वाट चुकली."

"चुकली असेल. वय झालं माझं."

ती मोकळ्या घरांकडे एकेक करून बघत राहिली. "चुकून एकदा होतं. दोनदा होईल. सहा वेळा कोणी चुकत नाही, अप्पा."

अप्पांनी शाल सारखी केली. "पूजा सहाला आहे. सहाला गुरुजी येतील, बघतील, काय करायचं ते सांगतील. तोवर बस."

"माझी चारची गाडी आहे."

"मग ये की बाहेर. मी काय हात धरलाय तुझा?"

तिने पाय उचलला. समोरच पिवळं घर होतं, तिनेच भरलेलं. कडा अंगठ्याने दाबून दाबून सरळ केलेली, एक दाणा इकडचा तिकडे नाही. पाय तसाच अधांतरी राहिला आणि पुन्हा जागेवर आला.

"माहीत होतं मला," अप्पा हळूच म्हणाले. "थोरला असता तर तुडवत आला असता. तू नाही येणार."

दार किलकिलं झालं आणि मावशीचं डोकं आत आलं. "चहा आणू का म्हणायला आले, तर… अगं बाई! ताई, तू आत कशी?"

"कशी म्हणजे? आतूनच काढतात."

"मग बाहेर कशी येणार?"

"तेच बघतेय."

मावशी हातातल्या झाडूसकट आत आली, मंडळाभोवती एक चक्कर मारली. "लंगडी घाल की! एक उडी इकडे, एक तिकडे…"

"या गुडघ्यांनी?"

"नाहीतर मी झाडू फिरवते. दोन मिनिटांचं काम. सरळ रस्ता काढून देते तुला, रुंदच्या रुंद, हातगाडी जाईल असा."

"खबरदार!" अप्पा आणि थोरली एकदमच ओरडले. मावशी दचकून झाडू छातीशी धरून उभी राहिली. सासरा-सून एकमेकांकडे बघायचे टाळत होते.

"मला काय," मावशी पुटपुटली. "तुमचं तुम्ही बघा. दोघं एकाच माळेचे मणी." आणि ती दाराशी पिशवीजवळ बसून राहिली. तमाशा सोडून जाणं तिच्या जिवावर आलं होतं.

थोरली खाली बसली. तिला वाटलं, आपण आज नाही अडकलो. इथेच बसलोय चौदा वर्षं, फक्त आज दिसलं. अप्पांनी आजवर कधी कोंडलं नव्हतं, दारं सताड उघडी होती. आजही त्यांनी नुसतं सांगितलं, आणि आपण आपल्या हाताने, अंगठ्याने कडा दाबून दाबून, आपल्याभोवती भिंत घातली.

"का केलंत असं?" तिने विचारलं.

अप्पांनी घड्याळाकडे बघितलं. घड्याळाचा काटा थरथरत राहिला. मग अप्पा म्हणाले, "तू हसलीस."

"काय?"

"फोनवर. चौदा वर्षांत असं हसणं ऐकलं नव्हतं मी. पहिली फेरी मी नीटच सांगितली होती. मग तू हसलीस आणि मला कळलं, ही परत यायची नाही. दोन दिवस राहून नाही यायची." त्यांनी शाल हातावर ओढून घेतली. "तू गेलीस की दार उघडताना माझ्या हातात काय आहे? लोक बघतील ना."

थोरलीने मान खाली घातली. मग उठली, बाजूची ताटली घेतली, गुडघ्यावर आली आणि समोरच्या पिवळ्या घरातले तांदूळ बोटांनी उचलायला लागली.

"काय करतेस?"

"वाट."

झाडू न लावता, शेजारच्या घराचा एक दाणा न हलवता, चिमटी चिमटीने. पिवळं घर ताटलीत आलं. तिथे गुडघा ठेवला. पुढचं पांढरं घर उचललं. त्यापुढचं पांढरं. ताटलीत रंग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ती वेगवेगळे ढीग करत होती. मग तीन तांबडी, एकापाठोपाठ एक. बोटांची टोकं लाल झाली. मावशी दाराशी मोजत होती. "चार झाली, ताई. पाच. आता एकच." सहावं घर मोकळं झालं, त्याच्या पुढे पहिल्या फेरीचं मोकळं घर आणि रेघांमधली फट. थोरली उठून चार पावलांत बाहेर आली. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"पळ!" मावशी पिशवी पुढे करत म्हणाली. "वीस मिनिटांत पोचशील. पळ गं!"

थोरलीने पिशवीचे बंद हातात घेतले. मागे वळून बघितलं. मंडळाला मधोमध चीर पडली होती. इकडे तिकडे मोकळी घरं. सहा वाजता लोक येणार आणि हे बघणार. म्हणतील, अप्पांचा हात गेला. खरं तर कोणाचा हात, ते तिला एकटीला माहीत होतं.

तिने पिशवी खाली ठेवली.

अप्पांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "ये," ते म्हणाले. "ये, मी सांगतो."

"नका सांगू."

ती वाटेने पुन्हा आत गेली. बाहेर पडलेली बाई आपल्या पायाने आत गेली. मावशीने कपाळावर हात मारला. थोरलीने मधे बसून आधी आतल्या फेऱ्यांमधली मोकळी घरं भरली, जिथवर हात पोचत होता तिथवर. पाठीमागचं हिरवं, डावीकडचं पांढरं, कोपऱ्याजवळचं काळं. एकदाही मान वर करून विचारलं नाही. अप्पा ओठ हलवत होते, तिच्या आधी रंग पुटपुटत होते, आणि दर वेळी तोच रंग तिच्या चिमटीत असायचा. तिसऱ्या घरानंतर त्यांचे ओठ थांबले.

"कधी शिकलीस?"

"तुम्ही दर वेळी वेगळ्या कोपऱ्यातून सांगायचात. म्हणून चारही कोपऱ्यांतून पाठ झालं."

ती उलट्या पावली यायला लागली. पावलांची दोन घरं, मग पिवळं. दोन पांढरी. चार वाजले तेव्हा ती पहिल्या तांबड्यावर होती. तिने घड्याळाकडे बघितलं, अप्पांनीही बघितलं, मावशी "गेली गं गेली" म्हणाली. थोरलीचा हात तेवढा एक क्षण थांबला. मग तिने कडा अंगठ्याने दाबली आणि मागे सरली. बाहेर येऊन, मंडळाला वळसा घालत, बाहेरच्या फेऱ्यांमधली राहिलेली घरं काठावरून वाकून भरली. शेवटी तिन्ही रेघांची फट बुजवली. आधी पांढरी, मग तांबडी, मग काळी. उभी राहिली तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती.

मंडळ पुरं झालं होतं. फक्त अप्पांच्या स्टुलासमोरचं, पहिल्या फेरीतलं, एक घर मोकळं होतं.

"गाडी गेली," अप्पा म्हणाले. आवाजात समाधान नव्हतं, नुसता थकवा होता. "मग आता घरी चल, सूनबाई. उद्याचं उद्या बघू."

"घर सोडलंय मी, अप्पा."

त्यांना वाटलं तिला जायचं म्हणायचंय. तिने बोटाने समोरचं घर दाखवलं. "ते. पांढरं आहे. वाटीत तेवढेच तांदूळ ठेवलेत. तुमचं तुम्ही भरा."

तिने पांढऱ्या तांदळाची वाटी स्टुलाच्या पायाशी ठेवली. अप्पांनी वाटीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. शालीतून हात काढला. मावशीने तो हात पहिल्यांदाच बघितला आणि तोंडावर पदर घेतला. अप्पा वाकले. चिमूट उचलली आणि रेघांवरून नेता नेताच अर्धी सांडली, काळ्या रेघेवर पांढरे दाणे पडले. पुन्हा उचलली. थोरलीचे हात आपोआप पुढे झाले होते, ते तिने पाठीमागे नेऊन एकात एक अडकवले.

त्याच वेळी गुरुजी लवकर आले. दारातच उभे राहिले. अप्पांचा तो हात, तांदळाचा तो सडा, आणि मागे हात बांधून उभी असलेली, बोटं रंगलेली सून. गुरुजींनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग थोरलीकडे वळून म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही होय?"

अप्पा म्हणाले, "तीच." आणि वाकलेलेच राहिले, कारण घर अजून भरलं नव्हतं.

ती रात्र थोरली मावशीच्या खोलीवर राहिली. सकाळच्या पहिल्या गाडीने गेली. कापायची जागा गेली होती. बाईंनी सांगितलं होतं तसंच केलं. तिला काजं-बटणांवर बसवलं, खिडकी नसलेल्या कोपऱ्यात. दीड वर्षाने कात्री हातात आली. टेबल थोडं उंच होतं, पाट घेऊन उभं राहावं लागायचं. कापडावर खडूची रेघ मारली की कधी कधी तिला अप्पांचा आवाज ऐकू यायचा, दोन पांढरी, तीन तांबडी. वाट हा शब्द आला की कात्री थांबायची. मुलगी म्हणायची, "आई, काय झालं?" ती म्हणायची, "काही नाही, दोरा अडकला."

त्या मंगळवारनंतर अप्पांना कोणी बोलावलं नाही. थोरलीला तीनदा बोलावणं आलं. ती गेली नाही.

अप्पा जुळ्यांचा पहिला वाढदिवस नऊ दिवसांवर असताना, गुरुवारी सकाळी सात वाजता, चहा घ्यायच्या आधी वारले.